अभंगाचा प्रोजेक्ट चाळीस ट्रॅकवर गेला की: ट्रॅक, फाइली आणि आवृत्त्या तुम्ही कशा लावता?

टाळमाळ

नमस्कार मंडळी.

माइक कुठला घ्यावा, इंटरफेस कुठला, खोलीत फोम लावावा की गाद्या, यावर इथे भरपूर बोलून झालं आहे. रेकॉर्ड झालेलं नीट लावून ठेवण्याबद्दल मात्र कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. घरच्या स्टुडिओत वेळ सगळ्यात जास्त खातं ते हेच. म्हणून माझी पद्धत लिहितो, तुमचीही सांगा.

मी सातारा भागात भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करतो. सॉफ्टवेअर रीपर. एक साधा अभंग धरा. पखवाजाला दोन माइक, पेटीला दोन, टाळांना एक, मुख्य गायकाला एक, मागे म्हणणाऱ्यांना तीन, खोलीचा आवाज धरायला दोन. हे झाले अकरा. मग तानपुरा येतो, नंतर कुणीतरी बासरी वाजवून जातं, कोरसचे आणखी पदर चढतात, दोन कडव्यांमध्ये सतार हवी असं ठरतं. चाळीसचा आकडा सहज गाठला जातो. त्यानंतर मंडळाचे बुवा फोन करून सांगतात, 'दुसऱ्या कडव्यात माझा पहिला टेकच बरा होता.' तो टेक (एका वेळेला गाऊन झालेलं रेकॉर्डिंग) मिनिटभरात सापडला पाहिजे, एवढंच माझं उद्दिष्ट.

रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह करतो. रीपरमध्ये सेव्ह न केलेल्या प्रोजेक्टचा आवाज डॉक्युमेंट्समधल्या 'रीपर मीडिया' या सामायिक फोल्डरात जाऊन पडतो आणि तिथे सगळ्या गाण्यांच्या फाइली एकमेकांत मिसळतात. सेव्हच्या खिडकीत खाली दोन चौकटी असतात: 'क्रिएट सबडिरेक्टरी फॉर प्रोजेक्ट' आणि 'कॉपी ऑल मीडिया इनटू प्रोजेक्ट डिरेक्टरी'. दोन्हींवर टिक करायची. मग गाण्याचं सगळं सामान एका फोल्डरात राहतं आणि तो फोल्डर उचलला की गाणं उचललं जातं.

ट्रॅकला नावही रेकॉर्डिंगच्या आधीच देतो, कारण डिस्कवरच्या फाइलला ट्रॅकचंच नाव लागतं. 'पखवाज शाई', 'पखवाज कणीक', 'पेटी पट्टी', 'पेटी भाता' अशी नावं. नंतर ट्रॅकचं नाव बदललं तरी फाइलचं बदलत नाही, आणि 'ट्रॅक ७' नावाच्या फाइलीत काय आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

वरून खाली क्रम कायम तोच ठेवतो: ताल, टाळ, पेटी, इतर स्वरवाद्यं, मुख्य आवाज, मागचे आवाज, खोली, तानपुरा. प्रत्येक गटाला फोल्डर ट्रॅक आणि ठरलेला रंग. रीपरमध्ये फोल्डर ट्रॅक हाच बस असतो, आतल्या ट्रॅकांचा आवाज त्यातूनच पुढे जातो. त्यामुळे मिक्सिंगला बसेपर्यंत अर्धी जोडणी झालेली असते. अकरा माइकचं हे सगळं टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलेलं आहे.

बाकी सॉफ्टवेअरमध्ये कसं करता?

काळी_चार

टाळमाळ दादा, अगदी हवा असलेला विषय. मी गाते आणि चाली बांधते, एबलटन लाइव्हवर.

लाइव्हमध्ये सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे बाहेरून ओढलेल्या फाइली. पेनड्राइव्हवरचा तबल्याचा लूप, डाउनलोड्समधला तानपुरा, फोनवर गुणगुणलेली चाल, हे सगळं सेटमध्ये दिसत असतं, पण फाइली जिथल्या तिथेच असतात. पेनड्राइव्ह काढला की क्लिप मुकी. म्हणून दिवसाचं काम संपवताना मी न चुकता 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' करते. बाहेरचं सगळं प्रोजेक्टच्या फोल्डरात येऊन बसतं. शिवाय लाइव्ह स्वतःहून 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात सेटच्या मागच्या दहा आवृत्त्या ठेवतो. तो फोल्डर पुष्कळांना माहीतच नसतो.

लॅपटॉप जुना असेल तर 'फ्रीझ' वापरा, म्हणजे त्या ट्रॅकचा आवाज तात्पुरता फाइलीत उतरतो. तानपुऱ्याचा प्लगइन (आत जोडलेला छोटा प्रोग्राम) पूर्ण गाणंभर चालू ठेवण्याची गरज नसते.

एक विचारायचं होतं. ट्रॅकची आणि फाइलींची नावं तुम्ही मराठीतच देता का? माझ्या एका सहकाऱ्याकडे झिप पाठवली, तर नावांच्या जागी नुसती चिन्हं आली.

टाळमाळ

ताई, फाइली आणि फोल्डर रोमन लिपीत, स्पेस न देता, अंडरस्कोर घालून. वर देवनागरीत लिहिली ती वाचायला सोपी जावीत म्हणून. आजची सॉफ्टवेअर देवनागरी नावं छान दाखवतात, पण झिप करणारा प्रोग्राम, जुना प्लगइन, समोरच्याचं मशीन यांतलं एखादं अडतं. तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा ही चिन्हं तर विंडोजला नावात चालतच नाहीत. फोल्डरात फोल्डर खूप खोल नेऊ नका, विंडोजवर पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि काही प्रोग्राम अजून ती पाळतात.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी पुढे लावते का कुणी? मी लावतो. फाइली आपोआप क्रमाने उभ्या राहतात.

प्रोजेक्टच्या नोट्समध्ये मात्र बिनधास्त मराठी. तिथे मी सा कुठला, पेटी ४४० ला आहे की वर, कोण काय वाजवतंय, कुठला माइक कुठे होता, हे लिहितो. प्रोजेक्ट उघडताच नोट्स समोर याव्यात अशी सोय रीपरमध्ये आहे.

फेडर

मी मुंबईत मालिकांच्या आणि चित्रपटांच्या आवाजाचं काम करतो, प्रो टूल्सवर. टाळमाळ, तुमची शिस्त चांगली आहे. त्यात सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याची, भर घाला. तो फोल्डरच्या नावातच असावा. चित्रासोबत जाणारं सगळं ४८ किलोहर्ट्झ, सीडीच्या काळातला वारसा ४४.१. नाटकाचं किंवा लघुपटाचं संगीत करणाऱ्यांनी सुरुवातीलाच ४८ धरावं.

हे का सांगतोय? बहुतेक सॉफ्टवेअर वेगळ्या रेटची फाइल आत घेताना रूपांतर करतात. पण रूपांतर न करता ती तशीच घेतली गेली, किंवा इंटरफेसचं घड्याळ एका रेटवर आणि सेशन दुसऱ्यावर राहिलं, तर ४४.१ चं गाणं ४८ वर सुमारे पावणेनऊ टक्के जलद वाजतं आणि जवळपास दीड अर्धस्वर चढतं. म्हणजे पांढरी एकचा सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध येतो. नुसतं पट्टी बदलल्यासारखं झालं असतं तर कानाला कदाचित चाललं असतं. हे कुठल्याच पट्टीत बसत नाही, आणि त्यावर कुणी बासरी डब करून ठेवली असेल तर ती पूर्ण मेहनत वाया.

टेकसाठी आमच्याकडे प्लेलिस्ट असतात. एकाच ट्रॅकच्या पोटात हवे तेवढे टेक राहतात, स्क्रीनवर एकच दिसतो. त्यामुळे 'गायक १', 'गायक १ नवा', 'गायक १ नवा फायनल' अशी रांग लागत नाही. 'फायनल' हा शब्द नावात वापरूच नका, त्याच्यानंतर काहीतरी येतंच. आकडा घाला.

फोल्डर ट्रॅकबद्दल एक सावधगिरी. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा अर्थ वेगळा. रीपर आणि लाइव्हमध्ये गट केला की आवाज त्यातून जातो. प्रो टूल्समध्ये २०२० पासून दोन जाती आहेत, साधा फोल्डर नुसता आवरायला आणि राउटिंग फोल्डर आवाज वाहून नेणारा. लॉजिकमध्ये फोल्डर स्टॅक आणि समिंग स्टॅक. क्युबेसमध्ये फोल्डर ट्रॅक आवरायला असतो, आवाज एकत्र करायला ग्रुप चॅनल वेगळा. एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर गेलेला माणूस फोल्डरवर कंप्रेसर शोधत बसतो, तो यामुळेच.

डग्गा

मी वाजवणारा माणूस, सॉफ्टवेअर फारसं येत नाही, पण एक तक्रार मांडतो. हल्ली प्रत्येक ठिकाणी कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, देतात. का, तर म्हणे प्रोजेक्ट नीट राहतो, कापाकापी सोपी जाते. अभंगात लय वाढत जाते. धृपद एका चालीत, पुढे कडव्यागणिक अंगात येत जातं, शेवटचा गजर दुपटीत. क्लिकवर ते बसवलं की भजनी ठेका जागच्या जागी चालतो, पुढे जात नाही. तुमच्या ग्रिडसाठी आमची लय का बांधायची?

टाळमाळ

डग्गा दादा, शंभर टक्के सहमत. ग्रिडने वाजवणाऱ्याच्या मागे यायचं. मी भजनाला क्लिक देत नाही. आधी सगळे मोकळे वाजवतात, नंतर मी त्या लयीवर नकाशा बसवतो. कसं, ते सविस्तर लिहितो, कारण इथे एक खाचखळगा आहे.

रीपरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये 'टाइमबेस' असतो. मूळ सेटिंग 'बीट्स' असतं, म्हणजे टेंपो बदलला की ऑडिओही ताणला किंवा आकसला जातो. मोकळ्या लयीच्या रेकॉर्डिंगसाठी तो आधी 'टाइम' करायचा. आता टेंपोला काहीही केलं तरी ऑडिओ हलत नाही, नुसत्या ग्रिडच्या रेषा सरकतात. ही एक गोष्ट विसरली तर पुढचं सगळं अवघड.

मग पखवाजाच्या ट्रॅकवर सम शोधायची. भजनी ठेका आठ मात्रांचा. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत निवड करायची आणि 'क्रिएट मेझर फ्रॉम टाइम सिलेक्शन' वापरायचं. किती मात्रा ते सांगितलं की तेवढ्या आवर्तनाचा टेंपो तो स्वतः काढतो. प्रत्येक आवर्तनाला हे करायची गरज नाही. लय स्थिर आहे तिथे चार-चार आवर्तनांनी, गजरात चढते तिथे प्रत्येकी. पहिल्यांदा कंटाळा येतो, पण एकदा झालं की बासरीवाल्याला 'तिसऱ्या कडव्याच्या आधीचं आवर्तन' म्हटलं तर थेट तिथे जाता येतं. मागाहून मिडीवर (आवाजाऐवजी नुसत्या सुरांची नोंद घेऊन) काही वाजवायचं असेल तर तेही समेवर पडतं.

मार्करची नावंही आपल्या गाण्याप्रमाणे: आलाप, धृपद, कडवं १, कडवं २, गजर. 'व्हर्स' आणि 'कोरस' लिहून ठेवलं तर मंडळातल्या कुणालाच समजत नाही की मी कुठलं मागतोय.

डग्गा

हे ऐकून बरं वाटलं. असं करणारे भेटले तर आम्ही मोकळेपणाने वाजवू. अजून एक. एका ठिकाणी पखवाजाचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर त्यात गायकाचा काढून टाकलेला शब्द मागे भुतासारखा ऐकू येत होता. ते कशाने?

फेडर

सगळे एका खोलीत बसले होते ना? मग तुमच्या माइकमध्ये गायक येणारच. गायकाच्या ट्रॅकवरून चुकलेला शब्द कापला, पण पखवाजाच्या, पेटीच्या, खोलीच्या माइकमध्ये तो तसाच आहे. तिथून तो ऐकू येतो.

एका खोलीतलं रेकॉर्डिंग ट्रॅक-ट्रॅक करून संपादता येत नाही, हे मनाशी पक्कं असावं. सगळे माइक मिळून एक वाद्य समजायचं. रेकॉर्डिंग थांबलं की लगेच त्या टेकच्या सगळ्या ट्रॅकांचा एडिट ग्रुप करून टाकायचा. कापलं तर सगळ्यांवर एकाच जागी, सरकवलं तर सगळं मिळून. चूक दुरुस्त करायची तर दुसऱ्या टेकमधला तेवढा भाग सगळ्या माइकांसह आणायचा आणि जोडाला सगळ्या ट्रॅकांवर एकसारखा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढत जाणं.

सगळ्यात नुकसान होतं ते एकच ट्रॅक थोडासा सरकवल्याने. पखवाजाचा ठोका जरा मागे वाटला म्हणून कुणी फक्त शाईकडचा माइक काही मिलिसेकंद पुढे ओढतो. तोच ठोका कणकेकडच्या आणि खोलीच्या माइकात जुन्या जागी असतो. दोन्ही एकमेकांना खातात, घुमारा जातो, आणि पुढे मिक्स करणारा बिचारा इक्वलायझर फिरवत बसतो. म्हणून ग्रुप चालू आहे की नाही हे मी प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला बघतो. नंतर वेगळे डब केलेले ट्रॅक, बासरी वगैरे, त्या ग्रुपमध्ये नसावेत. त्यांना वेगळा रंग द्या.

मंडप_साउंड

लाइव्ह कार्यक्रमाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तीन तासांची संगीत संध्या, सोळा चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका मोनो चॅनलला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी. सगळे मिळून तीन तासांचे २५ जीबी. कार्यक्रमाला जाण्याआधी हा गुणाकार करूनच डिस्क घ्या, आणि दुप्पट जागा ठेवा.

साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी. वेगवेगळ्या मोनो फाइली केल्या तर तीन तासांनाही त्या मर्यादेपासून दूर राहता. सोळा चॅनलची एकच फाइल केली तर साधारण ३१ मिनिटांत मर्यादा येते. एसडी कार्डावर रेकॉर्ड करणारी मिक्सर म्हणूनच तुकडे पाडतात. ते घरी आल्यावर सलग, क्रमाने, जराही फट न ठेवता जोडायचे, आणि जोडल्यावर मूळ तुकडे लगेच पुसायचे नाहीत.

पूर्ण कार्यक्रम एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवतो. प्रत्येक गाण्याला एक रीजन (सुरुवात आणि शेवट आखलेला पट्टा), त्याला गाण्याचं नाव. सोळा चॅनलचा मूळ मिक्स एकदाच बसवला की रीजनप्रमाणे सगळी गाणी रीपर एका दमात वेगळी काढून देतो, फाइलला रीजनचं नाव लावून. निवेदनाचेही रीजन करा. आयोजक तेच आधी मागतात.

पहिलाच_सूर

मी कॉलेजात आहे, एफएल स्टुडिओ वापरतो. वरचं बरंचसं समजलं, पण माझ्याकडे ट्रॅकच वेगळ्या प्रकारे आहेत. चॅनल रॅकमध्ये एक नाव, प्लेलिस्टमध्ये (एफएलमध्ये गाणं मांडायची खिडकी) दुसरं, मिक्सरमध्ये 'इन्सर्ट १४'. तिन्ही जुळवायचं कसं? आणि मित्राला प्रोजेक्ट पाठवला तर त्याच्याकडे अर्धे आवाज येत नाहीत.

काळी_चार

मी आधी एफएलवर होते. त्यात प्लेलिस्टचा ट्रॅक आणि मिक्सरचा इन्सर्ट मुळात वेगळ्या गोष्टी आहेत, एका ओळीत काहीही ठेवता येतं. ही मोकळीक चाल सुचत असताना छान असते. पण गाणं आकाराला आलं की थांबून एकदा आवरायचं: चॅनल निवडून कंट्रोल-एल दाबलं की तो मिक्सरच्या इन्सर्टला नावारंगासह जोडला जातो. नाव आणि रंग बदलायला एफ-दोन. प्लेलिस्टमध्ये एका ओळीत एकच वाद्य ठेवायचं एवढा नियम स्वतःला घालून घे.

पाठवताना नुसती प्रोजेक्ट फाइल पाठवू नकोस. एक्सपोर्टमध्ये 'झिप्ड लूप पॅकेज' आहे, त्यात सॅम्पलही जातात. तरीही मित्राकडे तुझा प्लगइन नसेल तर तो आवाज येणार नाहीच. त्याला वेव्ह करून दे. आणि कंट्रोल-एन दाबलं की पुढच्या आकड्याने नवी आवृत्ती सेव्ह होते. मोठा बदल करण्याआधी ते दाबायची सवय लाव.

दूरदेशी

मेलबर्नहून लिहितोय. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचं संगीत मी लॉजिकमध्ये करतो, पेटी आणि तबला पुण्यातून येतात. दोन देशांत एक प्रोजेक्ट चालवायचा म्हणजे शिस्तीला पर्याय नाही, म्हणून अनुभवाचं थोडं.

चालू प्रोजेक्ट क्लाउडच्या फोल्डरात ठेवून दोघांनी उघडू नये. सॉफ्टवेअर लिहीत असताना सिंक मध्येच फाइल उचलतं, आणि दोघांनी बदल केला तर दोन विसंगत प्रती होतात. आम्ही काम स्थानिक डिस्कवर करतो, प्रोजेक्ट बंद केला की त्या दिवसाची झिप वर जाते. एका वेळी एकाच्याच हातात प्रोजेक्ट.

सॉफ्टवेअर वेगळी असतील तर प्रत्येक ट्रॅकची वेव्ह, आणि सगळ्या वेव्ह शून्यापासून. बासरी तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी फाइल पहिल्या सेकंदापासून सुरू. मग समोरचा माणूस सगळ्या एका रेषेत टाकतो आणि गाणं जागेवर बसतं. रीपरमध्ये रेंडरला 'स्टेम्स' आणि 'एंटायर प्रोजेक्ट' निवडलं की हे होतं, लॉजिकमध्ये 'एक्सपोर्ट ऑल ट्रॅक्स ॲज ऑडिओ फाइल्स'. सोबत तुमचा कच्चा मिक्स, टेंपो आणि सा लिहिलेली छोटी फाइल. गायकाच्या आवाजावर इको असेल तर कोरडा आणि ओला असे दोन्ही पाठवा.

२०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस यांनी मिळून 'डॉप्रोजेक्ट' नावाचा खुला साचा आणला. ट्रॅक, क्लिप, ऑटोमेशन आणि प्लगइनची सेटिंगं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जातात. बिटविग, स्टुडिओ वन आणि क्युबेस १४ मध्ये तो आहे. चालतो तिथे वापरावा, पण वेव्ह पाठवणं मी त्यामुळे थांबवलेलं नाही.

जुनीटेप

सगळ्यांचं वाचलं. मी जुन्या कॅसेटी आणि टेप डिजिटल करण्याचं काम करतो, सोबत क्युबेसमध्ये थोडं संगीत. माझं म्हणणं असं की आपण प्रोजेक्ट पुढच्या आठवड्यासाठी लावतो. तो वीस वर्षांनी, आपण जवळ नसताना उघडणाऱ्या माणसासाठी लावला पाहिजे.

प्रोजेक्ट फाइल टिकेल यावर विसंबू नका. गिब्सनने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या केकवॉक कंपनीचं काम थांबवलं, तेव्हा तिच्या सोनार या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम केलेले लोक हवालदिल झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं म्हणून निभावलं. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनात ३२ बिट प्लगइन एका झटक्यात बंद झाले. व्हीएसटी २ या जुन्या प्लगइन-प्रकाराचा विकसकांसाठीचा संच स्टाइनबर्गने २०१८ मध्ये देणं थांबवलं. प्रोजेक्ट उघडतो, पण तानपुरा, स्ट्रिंग, रिव्हर्ब यांच्या जागी रिकामी चौकट येते. वेव्ह फाइल मात्र तेव्हाही उघडत होती, आताही उघडते.

म्हणून गाणं पूर्ण झालं की मिडी आणि प्लगइनवरचा प्रत्येक ट्रॅक ऑडिओत उतरवायचा. एकदा कोरा, एकदा इफेक्टसह. मग तीन प्रती: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात. मॅक आणि विंडोज दोन्हीवर फिरणारी डिस्क एक्सफॅट करा. फॅट-३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. कोण गायलं, कोण वाजवलं, कुठल्या गावात, कुठल्या दिवशी, हे प्रोजेक्टमध्ये लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात, त्या गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि गावासह. तेव्हा नावं लिहिली गेली म्हणून हे शक्य झालं. माझ्याकडे येणाऱ्या कॅसेटींवर मात्र 'भजन, बाजू अ' एवढंच असतं. आवाज सुंदर, आणि कुणाचा ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून देता येत नाही. त्याच दुरुस्तीतल्या कलम ३८ ख प्रमाणे सादर करणाऱ्या कलाकाराला आपली ओळख दिली जावी असा हक्क आहे. पखवाज कुणी वाजवला हे प्रोजेक्टच्या नोट्समध्येच नसेल, तर श्रेयनामावलीत ते कुठून येणार?

डग्गा

जुनीटेप, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्यातल्या कितीतरी जणांची नावं कुठेच नाहीत.

टाळमाळ

जुनीटेपांचं सगळं पटलं, नोट्सच्या साच्यात मी आजच गावाचं नाव आणि प्रत्येक वादकाचं पूर्ण नाव यांच्या ओळी वाढवल्या. फक्त एक प्रश्न. न वापरलेले टेक तुम्ही ठेवता का? मी गाणं मंजूर झालं की रीपरमधलं 'क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी' चालवतो. डिस्क फार भरते.

जुनीटेप

मी ठेवतो. एका अभंगाचे नको असलेले टेक म्हणजे चार-पाच जीबी, आणि तो गायक पुन्हा त्या वयात, त्या आवाजात गाणार नसतो. जागा विकत मिळते.

फेडर

मी दोघांच्या मधला. व्यावसायिक कामात सगळं ठेवणं शक्य नसतं. पण साफसफाई मूळ प्रोजेक्टवर करायची नाही. प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन', रीपरमध्ये मीडियासह 'सेव्ह ॲज' करून वेगळ्या फोल्डरात आटोपशीर प्रत करा, ती उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका आणि मग मूळ फोल्डरचं काय ते ठरवा.

टाळमाळ, एक धोका. एकाच फोल्डरात आवृत्ती १ ते ९ ठेवल्या असतील तर जपा. क्लीन करताना यादीत उघडलेल्या आवृत्तीला न लागणाऱ्या फाइली येतात. त्यांतली एखादी आवृत्ती ४ ला लागत असेल. बुवांना जो पहिला टेक हवा होता, तो नेमका तिथेच असायचा. यादी वाचल्याशिवाय ते बटण दाबू नका.

टाळमाळ

हा मुद्दा महत्त्वाचा. मग मी असं करतो: भजनी मंडळांचं आणि कीर्तनांचं काही पुसायचं नाही, सगळे टेक ठेवायचे. जाहिरातीचं, जिंगलचं काम आटोपशीर प्रतीत. आवृत्त्याही प्रत्येक सेव्हला न करता टप्प्याला एक: रेकॉर्डिंग झालं, संपादन झालं, डब झाले, मिक्स मंजूर.

रीपरवाल्यांसाठी अजून एक. प्रोजेक्टची आरपीपी फाइल साधा मजकूर आहे. एखादी फाइल सापडत नसेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक ऑडिओ फाइलचा पत्ता त्यात लिहिलेला असतो. काही बदलायचं असेल तर आधी प्रत काढून.

पहिलाच_सूर

टाळमाळ दादा, तुमचं अकरा माइकचं टेम्प्लेट मिळेल का? मी रीपर उतरवून बघतोय. आमच्या गावच्या मंडळाचं हरिपाठाचं रेकॉर्डिंग करायचं आहे. माझ्याकडे फक्त चार चॅनलचा इंटरफेस आहे.

टाळमाळ

देतो की. चार चॅनलना असं लावून बघ: मुख्य आवाजाला एक, पखवाजाला एक, आणि उरलेले दोन मंडळींच्या समोर, जोडीने, डोक्याच्या उंचीवर. पेटी आणि टाळ त्या जोडीतच येऊ देत. टाळकऱ्यांना दोन पावलं मागे बसव, नाहीतर टाळ सगळ्यांवर चढतात. टेम्प्लेटमधले बाकीचे ट्रॅक पुसू नकोस, लपवून ठेव. पुढे मोठा इंटरफेस घेतलास तर क्रम आणि रंग तेच राहतील.

टेम्प्लेट रविवारी इथेच चढवतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, टाइमबेस 'टाइम' केलेला, नोट्समध्ये गाव, तारीख, सा आणि वादकांच्या नावांच्या मोकळ्या ओळी. ते रीपर ७ वर केलेलं आहे, टेक लेनमध्ये (ट्रॅकच्या आतल्या ओळींत) मांडले आहेत. त्यामुळे ६ किंवा त्याआधीचं असेल तर आधी अपडेट करून घे.